सात टक्क्यांचे बोट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या भाच्याने एक एअर रायफल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर डाय बनवलेत. आता एवढी ही माझ्या हाताला बसवून द्या."

हात म्हणजे उजवा. त्यावर अंगठा, अनामिका आणि करंगळी एवढीच मंडळी शिल्लक. बाकीची दोन बोटे चाकणच्या एका शेडमधल्या पॉवर प्रेसने मुळापासून नेली. बोटांचा हिशेब कायद्याने फार पूर्वीच करून ठेवलेला. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात सबंध तर्जनी गेली तर 14 टक्के, मधले बोट 12 आणि अनामिका अवघी 7. अंगठी घालण्यापलीकडे या बोटाचा उपयोग काय, असे ते आकडे मांडणाऱ्याला वाटले असावे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे.

कॉलेजात एनसीसीमध्ये असताना पोराचा नेम चांगला होता. अपघातानंतर वर्षभर त्याने हात खिशाबाहेर काढला नाही. मग कुठेतरी त्याने हंगेरीच्या कारोली ताकाच या सैनिकाची हकीकत वाचली. 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. गडी डाव्या हाताने शिकला आणि 1948 व 1952 अशा दोन्ही ऑलिंपिकांत पिस्तुलाचे सुवर्णपदक घेऊन आला.

"मग तूही डाव्याने शीक की!" मी म्हणालो. पण पिस्तूल निराळे, रायफल निराळी. रायफल ज्या खांद्याला लावावी त्याच बाजूचा डोळा कामाला येतो, आणि याचा डावा डोळा लहानपणापासून अधू.

तेव्हा चाप ओढायला उरली अनामिका. भोसरीच्या टूलरूममध्ये मी 30 वर्षे कानस घासली आहे. मला वाटले, दोन रविवारांचे काम. वाचकहो, पंजा टेबलावर उताणा ठेवा आणि अनामिका एकटी वाकवून पाहा. करंगळी मागोमाग येतेच! चाप ओढताना करंगळी दस्त्याला दाबी आणि नळी हले. शिवाय अनामिका हातात खाली असल्याने चाप सरळ मागे न येता खाली ओढला जाई. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे एवढीशी थरथरही पुरते.

चिडून मी स्प्रिंग हलकी केली. बोट टेकते न टेकते तोच छर्रा मागल्या भिंतीत! "मामा, भाऊबीजेला आईला काय सांगणार होता?" म्हणून तो हसला. मी मुकाट्याने स्प्रिंग होती तशी केली.

शेवटी सुचले ते उलटेच. चाप खाली आणण्यापेक्षा हात वर न्यावा. मुठीचे लाकूड कापून तिथे एम-सीलचा मोठा गोळा थापला, आणि हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यात दाबायला सांगितले. तळव्याखाली टेकू, अंगठा बाजूने सरळ, आणि करंगळीखाली पोकळी; म्हणजे ती वाकली तरी हवेत वाकेल.

गोळा घट्ट होईपर्यंत हलायचे नव्हते. बसल्या बसल्या तो म्हणाला, "त्या प्रेसला दोन बटणे होती, मामा. दोन्ही हात बटणांवर असतील तरच ती खाली यायची. मी एकात पाचर मारली होती. एक हात मोकळा राहिला की जॉब जास्त निघतात."

मी काही बोललो नाही. पाचरीची ती युक्ती त्याने माझ्याच तोंडून ऐकली होती. अशाच एका दिवाळीत, फराळाला बसलो असताना, आमच्या वेळी आम्ही शिफ्टला किती जॉब काढत होतो याची फुशारकी मी मारत होतो, तेव्हा. त्याला ते आठवत होते की नाही, मी विचारले नाही. एम-सील वाळेपर्यंत त्याचे मनगट धरून बसून राहिलो.

मग त्या साच्यावरून सागवानात मूठ कोरली. तिला पाच रविवार लागले.

यंदा तो फराळाला आला तो खिशातून कागद काढतच. दहा छर्रे, दहाही काळ्या वर्तुळात. कागद ताटांवरून फिरला. माझा धाकटा पुतण्या नुकताच प्रेसवर लागला आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही शिफ्टला किती जॉब काढायचा, ते सांगा ना."

मी सांगितले. पाचरीचेही सांगितले, आणि या खेपेला तिथे थांबलो नाही. भाचा हातातली चकली तशीच धरून ऐकत होता.