पाणी कुठं अडलं

इंजिन तापलं की माणसं आधी इंजिनाला शिव्या देतात, मग खिसा चाचपतात. मधलं काम राहूनच जातं. ते काम तपासणीचं. त्याविषयी लिहितोय.

माझ्या मावसभावानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बगी बांधली. तिघंही आयटीआय झालेली पोरं. दिवसा कारखान्यात, रात्री वेल्डिंग. पाइपची चौकट, सांधे स्वतःच्या हातचे. भंगारातून मारुती ८०० चं इंजिन आणलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ही गाडी १९८३ मध्ये आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीच्या हाताला हे इंजिन ओळखीचं. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायला १९८८ चा मोटार वाहन कायदा मनाई करतो, म्हणून बगी पळायची ती मामांच्या माळावर.

पळायची म्हणजे काय, दहा मिनिटं. मग काटा लालात आणि टोपणापाशी वाफ.

पोरांनी एका गॅरेजवाल्याला आणलं. त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच म्हणाला, "इंजिन बाद. दुसरं टाका. आन् हे असलं काम तुमचं न्हाई." पोरांची सहा महिन्यांची शिल्लक त्या चौकटीत गेलेली. दुसरं इंजिन घेणं म्हणजे बगी भंगारात घालणं. भाऊ माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, खरंच बाद आहे का गं हे?" अशा वेळी पोराचा आवाज बदलतो. इंजिनापेक्षा तो आवाज मला जास्त लागला.

मी म्हणालो, "त्यानं काय तपासलं?"

"काहीच न्हाई."

"मग आपण तपासू."

आधी बगीविषयी. हा आकार कॅलिफोर्नियातला. ब्रूस मायर्स या माणसानं १९६४ मध्ये फायबरग्लासची मायर्स मँक्स बगी बांधली. तिला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन. ते मागं बसतं आणि हवेनं थंड होतं. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. मारुतीचं इंजिन पाण्यानं थंड होणारं. मूळ गाडीत ते पुढं असतं, रेडिएटर त्याच्या जवळ. बगीत इंजिन गेलं मागं, रेडिएटर राहिला नाकात. मधे फरशीखालून दोन लांब नळ्या. भांडण इथंच असणार, असं वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

पहिली तपासणी: इंजिन मेलंय का? थंड असताना टोपण उघडलं, गाडी सुरू केली. हेड गॅस्केट गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे थांबत नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. बुडबुडे थोडे आले आणि थांबले. ऑइल स्वच्छ. धूर नाही. म्हणजे गॅरेजवाल्याच्या निकालाला आधार मिळाला नाही.

दुसरी: पाणी फिरतंय का? काटा वर चढू लागला तेव्हा नळ्यांना बाहेरून हात लावला. इंजिनाजवळची नळी चटका देत होती. रेडिएटर गार. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. मग एक तर थर्मोस्टॅट अडकलेला, नाही तर वाटेत हवा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकला, चुलीवर ठेवला. पाणी उकळायच्या आधीच तो उघडला. म्हणजे तो निर्दोष. शेजारचा एक जण म्हणत होता, "काढूनच टाका, सगळे काढतात." काढला तर इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि अडलेली हवा आहे तिथंच राहते. आम्ही तो परत बसवला.

उरली हवा. पाणी भरायचं तोंड रेडिएटरवर, रेडिएटर नाकात खाली, इंजिनाचं हेड मागं उंच. खालून कितीही भरा, वरची हवा निघणार कुठून? शिवाय नळ्या एका आडव्या पाइपवरून उंटासारखं कुबड काढून गेलेल्या. पंप पाणी ढकलतो, हवा त्याच्या पंखांना धरता येत नाही.

उपाय महाग नव्हता. इंजिनाहून उंच एक छोटी टाकी बसवली, दाबाचं टोपण तिच्यावर. कुबडावर हवा सोडायचा स्क्रू. हवा फसफसत निघाली, मग पाण्याची सरळ धार आली. टाकीत पाण्याची पातळी भसकन उतरली. तेवढं पाणी आजवर इंजिनात नव्हतंच.

तिसरी: वारा. उभ्या गाडीचा पंखा लावून रेडिएटरसमोर कागद धरला. तो जाळीला चिकटायला हवा. उडून पडला. पंखा येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या, कागद चिकटला. रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्यानं बुजवल्या. वारासुद्धा सोपी वाट धरतो. ती बंद केली की जाळीतून जातो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तापलेल्या इंजिनाचं टोपण उघडू नका. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वरसुद्धा उकळत नाही. दाब सुटला की एकदम उकळून तोंडावर येतं. आणि काट्यावर आंधळा भरवसा नको. त्याचं सेन्सर पाण्यात बुडालेलं असतं. पाणी संपलं की ते वाफेत उघडं पडतं आणि काटा खाली येऊ शकतो. माणसाला वाटतं गाडी थंड झाली. आत हेड वाकत असतं.

त्या संध्याकाळी बगी माळावर पाऊण तास पळाली. काटा मधोमध. भावानं गाडी उभी केली आणि पंख्यासमोर पुन्हा एकदा कागद धरला. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिलं: ऑइल, बुडबुडे, नळी, थर्मोस्टॅट, हवा, पंखा. याच क्रमानं. आता वस्तीतली पोरं मोटरसायकली, पाण्याचे पंप घेऊन येतात तेव्हा तो आधी त्या पत्र्याकडं बोट करतो. यादी प्रत्येक यंत्राला लागू पडत नाही, हे त्याला माहीत आहे. पण "बाद" हा शब्द शेडमध्ये शेवटी उच्चारायचा, असा त्यानं नियम केलाय. तपासून झाल्यावर.