मेल वीदीतील भाड्याचे घर

तंजावरला आम्ही दोघे अकरा महिन्यांसाठी राहावयास गेलो. आमच्यापैकी एकाला सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद वाचावयाचे होते. दुसऱ्याला बेळगाव काही काळ सोडून पाहावयाचे होते. जुलैच्या अखेरीस घर शोधू लागलो, तर जो तो म्हणे, आडी संपू द्या. आडी महिन्यात तिकडे घर बदलत नाहीत. आपल्या आषाढाचीच ही चुलत बहीण! पंधरा दिवस लॉजमध्ये काढून अखेर राजवाड्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, मेल वीदी म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावे लागले.

भाड्याला तमिळमध्ये ‘वाडगै’ म्हणतात. कन्नडातले ‘बाडिगे’ आम्हांला जन्मापासून ठाऊक, त्यामुळे संस्कृत ‘भाटका’चे हे सारे गोत्र तिथेही भेटल्याचा आनंद झाला. करारपत्र मात्र तमिळमध्ये होते. एक अक्षर न वाचता आम्ही सही केली आणि आम्हांला काहीच टोचले नाही. बेळगावात असाच न वाचता येणारा कागद समोर आला की आमचे रक्त तापते. तिथे आम्ही पाहुणे होतो, इथे घरचे आहोत, एवढाच त्यातला फरक. पण 1956 पासून आम्ही जे सांगत आलो ते याहून वेगळे नाही.

घरमालकीण मराठी निघाल्या. सारी आळी त्यांना मामी म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. भोसल्यांचे राज्य 1855 साली खालसा झाले, तरी ही घरे तिथेच राहिली आणि त्यांतली मराठीही. मामींनी पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ दिले आणि ताटात डांगर वाढले. त्यांच्या तमिळ शेजारणीही ‘डांगर पच्चडी’ करतात. उडदाच्या पिठाचा आपला पदार्थ नावासकट त्या स्वयंपाकात मुरला आहे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगावयास हवी. एके सकाळी मामी म्हणाल्या, “भाऊ उद्या येतो म्हणून सांगितलं.” आम्ही हसलो आणि सांगितले, “मामी, ‘येतो असं सांगितलं’ म्हणावं.” त्या “बरं” म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याशी इंग्रजीत बोलू लागल्या. पाणी केव्हा येईल, गच्चीवर वाळवण केव्हा घालावे, सारे इंग्रजीत. रागाचा लवलेश नव्हता. आपली मराठी या माणसांसमोर काढण्याजोगी नाही, एवढेच त्यांनी ठरविले होते.

आमची स्थिती अधिक लाजिरवाणी अशासाठी की हीच वाक्यरचना आमचीही आहे. कन्नडातील ‘अंत’, तमिळमधील ‘एन्रु’ आणि आपले ‘म्हणून’ एकाच जागी, एकाच कामासाठी बसतात. पुण्यात शिकत असताना “येतो म्हणून सांगितलं” या वाक्याला वर्गातली मुले हसली होती. त्या दिवसापासून आम्ही ते जिभेवरून पुसून टाकले. जे पुण्याने आमच्याशी केले, तेच आम्ही तंजावरात जाऊन केले! शिवाय ज्या ‘की’ने जोडलेल्या वाक्यांना आपण प्रमाण मानतो, तो ‘की’ बहुतेकांच्या मते फारसीकडून आलेला. मामींची रचना आमच्या दुरुस्तीहून कमी मराठी होती, असे म्हणण्यास आम्हांला काहीही आधार नव्हता.

क्षमा मागून भाषा परत येत नाही. आम्ही मागितली, त्यांनी हसून इंग्रजीतच उत्तर दिले. तीन महिने असेच गेले.

मार्गशीर्षात त्या आम्हांला मोठ्या देवळात घेऊन गेल्या. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. मराठीत, देवनागरीत, लांबच लांब. मामी लहानपणापासून त्या भिंतीजवळून जात होत्या, पण देवनागरी त्यांना येत नव्हती. त्यांच्या घरी मराठी पत्रेसुद्धा तमिळ लिपीत लिहीत. “यात काय आहे?” त्यांनी विचारले, मराठीत.

आम्ही वाचू लागलो. जुने गद्य, लांबलचक वाक्ये. आम्ही मध्येच अडखळत होतो. दोनदा असे झाले की आम्हांला न उमगलेला शब्द मामींनी सहज सांगितला. तो त्यांच्या आजीच्या बोलण्यातला होता. ऊन चढले, दगड तापले, तेव्हा थांबलो. त्यानंतर दर शुक्रवारी थोडे थोडे वाचायचे असे ठरले.

जूनमध्ये करार वाढवावयाची वेळ आली. या वेळी मामींनी कागद हातात धरून तमिळ मजकूर ओळीओळीने मराठीत सांगितला. “घर जसं दिलं तसं परत करतो म्हणून लिहिलंय,” त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे पाहून क्षणभर थांबल्या.

आम्ही सही केली.