भट्टीची निगा

दिवाळीची नानकटाई आटोपल्यावर घरातील विजेच्या ओव्हनची सफाई आज सावकाश केली. कारण ज्या पेटीतून घरच्यांच्या मुखी अन्न जाते, तिच्या अंतर्भागाविषयी हयगय करणे हा मला गृहव्यवस्थेतील गंभीर कसूर वाटतो. भिंतींवर उडालेले तूप उष्णतेने घट्ट होत होत चिवट, तपकिरी थर बनते, आणि पुढील खेपेस तेच जळून पदार्थास करपट वास लावते. त्यावर तारेची घासणी चालवून ओरखडे पाडण्यापेक्षा खाण्याच्या सोड्याचा दाट लेप देऊन रात्रभर स्वस्थ राहावे हे उत्तम; सोडा सौम्य क्षारधर्मी असल्याने स्निग्धांश सैल होतो, आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसल्यावर मागे राहिलेला पांढुरका अंश व्हिनेगर शिंपडताच फेसाळून निघतो. तत्पूर्वी प्लग काढण्याची आणि तापणाऱ्या दांड्यांना लेप न लागू देण्याची खबरदारी अवश्य घ्यावी. अॅल्युमिनियमचे ट्रे सोड्यापासून दूरच बरे, ते काळवंडतात.

तापमानाची तपासणी बहुतेक घरांत होतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दांड्या आळीपाळीने तापत व विझत असल्याने आतील उष्णता सतत खालीवर होते, म्हणून सुटा तापमापक मधल्या जाळीवर ठेवून, डायल १८० अंशांवर लावून, अर्ध्या तासानंतरच आकडा वाचला. तो बराच कमी निघाला, तेव्हा नानकटाई फिकी राहिल्याचा दोष मैद्यास न देता डायल तितका पुढे लावण्याची नोंद पाककृतींच्या वहीत केली.