पार्ट नंबर नसलेले पाटे

प्रिय मामा,



फोनवर आता तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललं की माझाच घसा दाटतो. म्हणून पत्र. वहिनी वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं, सावकाश वाचा, गाड्यांची नावं बरीच आहेत.

ठेकेदार शेठजींची प्लिमथ आठवते ना? बैहर रोडवरच्या तुमच्या गॅरेजसमोर, सालाच्या झाडाखाली उभी राहायची ती? फिकट हिरवी, बोनेट असं फुगलेलं की मी त्यावर झोपत असे. शहात्तर साल असेल, मी दहा वर्षांचा. गाडी तेव्हाच पंचवीस वर्षांची म्हातारी. शेठजींनी ती नागपूरहून जुनी घेतली होती आणि लाकडाच्या डेपोच्या दगडी रस्त्यावर ती दर आठ दिवसांनी टायर फाडून यायची.

तुम्ही काय केलं होतंत, मामा? ट्रकचे जाड, कडक टायर आणून तिला चढवले. मडगार्डला घासत होते म्हणून आतली कड हातोडीनं वळवली. मागच्या कमानीत जादा पाटे घातले. शेठजी पाहायला आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ‘मिस्त्री, माझ्या कारचा ट्रक करून टाकला!’ तुम्ही काही बोलला नाहीत, हात पुसत राहिलात. त्या पावसाळ्यात एकही टायर फुटला नाही. पुढच्या जूनमध्ये ते स्वतःहून म्हणाले, तेच टायर घाला.

हे आत्ता का आठवलं, सांगतो. एका जुन्या शर्यतीबद्दल वाचलं. ४ सप्टेंबर १९५०. अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये डार्लिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे कापूस-भुईमुगाच्या जमिनीवर डांबरी ट्रॅक बांधून पाचशे मैलांची शर्यत ठेवली होती. आपल्या हिशेबात आठशे किलोमीटर. पंचाहत्तर गाड्या उतरल्या. स्टॉक कार म्हणायचे त्यांना, म्हणजे शोरूममधून लोक घरी नेतात तीच गाडी. कॅडिलॅक होत्या, ओल्ड्समोबिल होत्या, आठ सिलिंडरच्या, दणकट. आणि जिंकलं कोण? प्लिमथ! जॉनी मॅन्ट्झ नावाचा माणूस चालवत होता. सुरुवातीच्या रांगेत त्रेचाळिसावा होता, मामा. सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचं, ९७ अश्वशक्तीचं तेच इंजिन, ज्याच्यावर तुम्ही आयुष्य काढलंत. बाकीचे जोरात पळायचे, टायर फाडायचे, थांबायचे. हा सहा तासांहून जास्त वेळ एका चालीनं चालत राहिला, सरासरी ताशी १२० किलोमीटर, आणि नऊ फेऱ्यांनी पुढे राहिला. कारण त्यानं ट्रकचे कडक टायर घातले होते.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. दहा मिनिटं काही सुचेना. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का हे? कुणी सांगणार? तुमच्या गावी, बिरशाला, तेव्हा वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्या दिवशी येत असे. तुम्ही ते रस्त्याकडे बघून शोधलंत.

ती प्लिमथ कुठली, तेही आता नीट कळलं. आपण तिला अमेरिकन म्हणायचो, पण जोडलेली कुर्ल्याची होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला सुरुवात झाली. तुमचा लाडका फार्गो ट्रकही त्याच घरातला. म्हणून तर एकाचा पार्ट दुसऱ्याला बसायचा आणि तुम्ही म्हणायचात, ‘सख्खी भावंडं हायेत हे.’ फियाट नंतर आली.

मी पुण्यात तीस वर्षं गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काढली, हे तुमच्याच गॅरेजचं देणं. पण एक गोष्ट अजून मनात सलते. दहावीच्या सुट्टीत तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेतलात. ‘तू पेन धर.’ बस, एवढंच. मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नव्हतो. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी माझ्यासाठी भजी आणत होतात, आणि मी ती न खाता माईकडे देत होतो. आज वाटतं, पाना राहू दिला असतात तरी मी पेन धरलंच असतं. दोन्ही का नाही, मामा? दोन्ही धरणारेच तर लागतात!

अमेरिकेत तसे होते. हडसन नावाची कंपनी होती, तिची हॉर्नेट गाडी. तिलाही सहाच सिलिंडर. पण बैठक खाली, फ्रेमच्या पट्ट्यांच्या मध्ये उतरवलेली, त्यामुळे वळणावर गाडी जमिनीला धरून राहायची. कंपनीच्या इंजिनिअरांनी पाहिलं की मार्शल टीगसारखे ड्रायव्हर ती शर्यतीत पळवतायत. मग त्यांनी दोन कार्बोरेटरची जोडी दिली, जाड अॅक्सल, मजबूत हब, कडक सस्पेन्शन. हे सगळं कॅटलॉगमध्ये छापलं. शर्यतीचे पार्ट म्हणून नव्हे, ‘कठीण वापरासाठी’ म्हणून! कुणीही काउंटरवर जाऊन मागावं. १९५२ साली ३४ पैकी २७ शर्यती हडसननं जिंकल्या.

कठीण वापर. उकव्याच्या मँगनीज खाणीच्या रस्त्याहून कठीण वापर तो कुठला? तुम्ही तेच केलं होतंत, मामा. फरक एवढाच की त्यांच्या प्रत्येक पाट्याला, प्रत्येक नटाला पार्ट नंबर होता आणि तुमच्या कशालाच नव्हता. त्यांच्या गाड्या आज संग्रहालयात उभ्या आहेत. कोणत्या गाडीत काय बदललं ते लोक कागदावरून पडताळून बघतात.

पुढे मात्र हा खेळ पैशाचा झाला. रविवारी जिंकायचं, सोमवारी विकायचं, असा कंपन्यांचा हिशेब. १९५७ मध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं की शर्यतीला मदत करायची नाही, आणि लवकरच मागच्या दारानं पार्ट जायला लागले. १९७० मध्ये प्लिमथनं सुपरबर्ड काढली. पुढे चोचीसारखं नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख! शर्यतीत तीच गाडी उतरवायची तर तशा बऱ्याच गाड्या लोकांना विकाव्या लागत, म्हणून एकोणीसशेच्या वर बनवल्या. गिऱ्हाईक मिळेना. काही डीलरांनी नाक-पंख काढून साध्या करून विकल्या. तिचीच बहीण डॉज डेटोना, तिनं त्याच वर्षी मार्चमध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी ३२० किलोमीटरच्या वर मजल मारली. मला ती गाडी आवडते, खोटं कशाला बोलू. पण डार्लिंग्टनच्या त्या प्लिमथवर जीव जास्त. तिच्यात तुमचा हात दिसतो.

तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचात आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचात. मग बोट वर करायचात: ‘चौथा.’ उघडलं की चौथाच व्हॉल्व्ह जळालेला. एकदा तुम्ही ती मूठ माझ्या कानाला लावली होती. आत कुणीतरी छोट्या हातोडीनं लोखंडावर ठोकतंय, असा आवाज होता. तो कान आज चालत नाही, हे मला सहन होत नाही. मालवाहू गाड्यांच्या सायलेन्सरजवळ अख्खं आयुष्य गेलं, कुणी कधी कानात कापूस तरी घाल म्हटलं का तुम्हाला? मीही नाही म्हटलं.

‘गाडी कंपनीतून निंगते ते अर्धीच. उरलेली रस्ता करते,’ हे तुमचं बोलणं मी पुण्यात नव्या इंजिनिअर पोरांना सांगत आलो. कुणाचं म्हणून विचारलं की म्हणायचो, बिरशाच्या आमच्या मामांचं. पण तुम्ही काय काय बदललं, कसं बदललं, विचारलं तर माझ्याकडे कागदाचा एक चिटोरा नाही. यात तुमचाही दोष आहे, रागावू नका. गिऱ्हाइकाची उधारी लिहायला वही होती, आणि स्वतःच्या डोक्यातलं लिहायला नव्हती?

आता घेतलीय मी वही. दोनशे पानी. दिवाळीच्या आधी येतो, आठ दिवस राहतो. प्लिमथपासून सुरू करू, मग फार्गो, मग फॉरेस्टच्या त्या जीपा. तुम्ही सांगा, मी लिहितो, चित्रं काढतो. काही आठवलं नाही तर गॅरेजमागे पडलेलं सामान काढून बघू. तोवर भंगारवाल्याला काही देऊ नका, एक नटसुद्धा.

आणि एक गोष्ट वहिनींकडून लगेच कागदावर लिहून पाठवा. प्लिमथला मागे जादा पाटे किती घातले होते, दोन की तीन?

तुमचा भाचा