उभं अंडं, आडवा मी

शांघायच्या ऑफिसात आठ महिने झाले होते, आणि कोणीतरी मला मुद्दाम हाक मारून पँट्रीत बोलावण्याची ती पहिलीच वेळ. कारण? अंडी! २० मार्च, म्हणजे त्यांचा 'छुनफन'. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस टप्पे असतात, त्यातला हा वसंत संपाताचा; दिवस आणि रात्र जवळपास सारखे. या दिवशी कच्चं अंडं टोकावर उभं करायचं, हा तिथला रिवाज. सुट्टी नसते, त्यामुळे सगळा खेळ लंच टाइममध्ये. टेबलावर ट्रेभर अंडी, भोवती दहा-बारा जण आणि चक्क शांतता. एकाचाही मोबाइल वाजत नव्हता!

माझ्या शेजारी बसणारी कलीग कधीची एका अंड्यावर वाकली होती. जाड बाजू खाली, दोन्ही हातांची बोटं भोवती. ते उभं राहिलं तेव्हा तिने श्वाससुद्धा बेतानेच सोडला. "आज पृथ्वी बॅलन्समध्ये असते ना," ती म्हणाली. तिला हे आजीने सांगितलेलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आदल्या रात्री नेटवर सगळं वाचून आलेला मराठी माणूस गप्प कसा बसेल? मी सुरूच झालो. १९४५ साली अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाने चुंगकिंगमधल्या उभ्या अंड्यांची बातमी छापली, ती 'लिछुन'ची, म्हणजे फेब्रुवारीतली. तैवानमध्ये हेच ड्रॅगन बोट फेस्टिव्हलला भर दुपारी करतात. मग पृथ्वी नेमकी कधी बॅलन्समध्ये असते? १९४७ मध्ये जपानचे नाकाया, प्रयोगशाळेत हिमस्फटिक बनवणारे शास्त्रज्ञ, यांनी लिहूनच टाकलं की अंडं कुठल्याही दिवशी उभं राहतं. कवचावर बारीक उंचवटे असतात. त्यातल्या तिनांवर भार नीट पेलला, की झालं.

सगळे सभ्यपणे हसले. तिने विचारलं, "मग तू कुठल्या दिवशी उभं केलंयस?"

मी कधीच केलं नव्हतं.

रात्री फ्लॅटवर सहा अंडी घेऊन बसलो. पहिली वीस मिनिटं नुसती चिडचिड. एक फुटलं. नाकायांचा आणखी एक मुद्दा मी लंचला सोयीस्कर गाळला होता: ते राहणारच नाही असं धरून लोकांनी शेकडो वर्षं प्रयत्नच केला नाही. मनगटं टेकवली, घाई सोडली. बारा वाजून गेल्यावर, म्हणजे २१ तारखेला, एक राहिलं. बोटं काढली तरी राहिलं. मी एकटाच ओरडलो. पुण्यात साडेनऊच झाले होते, म्हणून घरी फोन लावला. आई म्हणाली, "अंडी? तू घरात अंडी आणलीस?"

सकाळी तेच अंडं रुमालात गुंडाळून ऑफिसला नेलं आणि तिच्या डेस्कवर उभं करायला लागलो. तीनदा कलंडलं. "काल रात्री राहिलं होतं, शपथ!" मी म्हटलं. तिने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि अंड्याच्या दुसऱ्या बाजूने बोटं लावली. "हलू नकोस," ती म्हणाली.