ॲक्सलचा रेशो बदलावा की राहू द्यावा?

पिकअप ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये, मधल्या फुगीर हाउसिंगच्या आत, दोन गिअर एकमेकांत बसलेले असतात. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते आणि त्याने फिरणारा मोठा क्राऊन चाकांना फिरवतो. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की ॲक्सलचा रेशो मिळतो. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३, ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. आकडा मोठा तेवढा चाकावरचा जोर जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

अमेरिकेत एकच मॉडेल दोन-तीन रेशोंत विकले जाते, म्हणून हा प्रश्न तिथे वारंवार निघतो. पहिले काम म्हणजे गाडीत कोणता रेशो आहे याची खात्री करणे. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये ग्लोव्ह बॉक्समधल्या लेबलवर तो सापडतो: ‘जीटी४’ म्हणजे ३.७३, ‘जीटी५’ म्हणजे ४.१०. पण आधीच्या मालकाने ॲक्सल उघडला असेल, तर लेबलवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. झाकण काढून दात मोजावेत.

बदलाचे सर्वांत सबळ कारण म्हणजे मोठे टायर. ३१ इंची टायर काढून ३५ इंची घातले, की ३.५५चा रेशो व्यवहारात ३.१४ इतकाच उरतो. ताशी १०० किलोमीटरला, ०.७०च्या ओव्हरड्राइव्हमध्ये, इंजिन आधी मिनिटाला सुमारे १,६७० फेरे घेत असते. ते १,४८०वर येतात. यात पेट्रोल वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात जरासा चढ आला की इंजिनाचा दम कमी पडतो, गिअरबॉक्स सारखा वरखाली करत राहतो आणि तापतो. ३.५५ला ३५ने गुणून ३१ने भागले की ४.०१ येतात. जवळचा रेशो ४.१०, त्याने फेरे १,७१०च्या आसपास येतात. मूळ स्वभाव परत मिळवायला एवढे पुरते.

वाद पेटतो तो गिअरबॉक्सवरून. ‘ओझे ओढायचे तर ४.१०च हवा’ हे वाक्य चार गिअरच्या काळातले आहे आणि ते अजूनही मंत्रासारखे म्हटले जाते. जनरल मोटर्सच्या ‘४एल६०ई’ या चार गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ३.०६ होता. ३.५५च्या ॲक्सलबरोबर त्याचा गुणाकार १०.९, तर ४.१०बरोबर १२.५ होतो. फोर्डच्या दहा गिअरच्या ‘१०आर८०’चा पहिला गिअर ४.७० आहे, ३.५५बरोबरच तो १६.७पर्यंत जातो. जुन्या बॉक्सला ही मजल गाठायची तर ॲक्सल ५.४५चा लागेल. नुसता ॲक्सलचा आकडा सांगून सल्ला मागणाऱ्याला, आणि तो देणाऱ्यालाही, हा गुणाकार करायचा कंटाळा असतो.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे. रेशो वाढवला म्हणजे गाडीची ओझे ओढण्याची अधिकृत क्षमता वाढली, असे मानले जाते. कारखान्यात बसवलेल्या रेशोनुसार ती वेगवेगळी दिलेली असते हे खरे. पण तिच्यामागे ब्रेक, चासी, कूलिंग असा सगळा हिशेब असतो. गिअर बदलल्याने ब्रेक मोठे होत नाहीत.

बदलायचे ठरलेच, तर खर्च केवळ एका जोडीचा नसतो. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात. काही ॲक्सलमध्ये क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरियरही बदलावा लागतो: ‘डाना ४४’मध्ये ३.७३पर्यंत एक, ३.९२पासून दुसरा. शिवाय रेशो मोठा म्हणजे पिनियन बहुधा बारीक. फार वर गेल्यास मजबुतीत तडजोड होते.

खरी कसोटी बसवणाऱ्याच्या हाताची. क्राऊन-पिनियनमधला प्ले साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर राखायचा असतो. दातांना पिवळी पेस्ट लावून क्राऊन फिरवतात आणि पेस्ट कुठे पुसली गेली ते पाहतात. ठसा दाताच्या मुळाशी उतरला तर पिनियन जास्त आत गेले आहे, माथ्याकडे चढला तर कमी. मग शिम बदलून पुन्हा तेच. इथे घाई झाली की ॲक्सल हायवेवर घरघरू लागतो, आणि दोष मात्र नव्या रेशोला दिला जातो. पुढचे सुमारे ८०० किलोमीटर ओझे न ओढता काढून तेल बदलण्याचा प्रघात आहे. स्पीडोमीटरही नव्या रेशोला आणि टायरला जुळवावा लागतो.

मूळ मापाचे टायर, आठ-दहा गिअरचा बॉक्स आणि वर्षातून चार-दोनदा ट्रेलर, एवढाच वापर असेल तर ॲक्सल उघडू नये. चढाला टो-मोड लावला की भागते. मोठे टायर, जुना चार गिअरचा बॉक्स आणि नेहमीचे ओझे यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर बदलाचा खर्च सार्थकी लागतो.