उडत्या माणसाचं केवायसी

माणसाला दोन कारणांसाठी पैसे मोजावे लागतात. एक, आपण चार लोकांना दिसावं म्हणून. आणि दुसरं, आपण कोणालाही दिसू नये म्हणून. लग्नाचा हॉल आणि बँडबाजा पहिल्या खात्यात, टॅक्सवाल्या सल्लागाराची फी दुसऱ्या. परंतु दिसावं म्हणून एकदा पैसे भरायचे आणि दिसलो म्हणून पुन्हा भरायचे, हा दुहेरी मान अमेरिकेतल्या छोट्या विमानवाल्यांनाच मिळालेला आहे.

विमानाचा मालक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा सूट घातलेला शेठ येतो. माझा मामेभाऊ क्लीव्हलंडजवळ राहतो आणि त्याच्याकडे विमान आहे. म्हणजे पाव विमान आहे. चौघांनी मिळून घेतलेलं, चार खुर्च्यांचं, एका इंजिनाचं सेसना १७२. ही जात १९५६ पासून बनते आहे आणि आजवर चव्वेचाळीस हजारांवर विमानं निघाली. त्यांतली कितीतरी चाळिशी-पन्नाशी उलटूनही उडतात. भावाचं विमान त्याच्यापेक्षा वयाने मोठं आहे. मी बी.कॉम. असल्यामुळे त्याच्यावर मनातल्या मनात घसारा लावून पाहिला, तेव्हा त्या विमानानेच आपल्याला काहीतरी देणं लागतं, असा निष्कर्ष निघाला.

हे वैमानिक रविवारी उडतात, पन्नास-साठ मैलांवरच्या धावपट्टीवर उतरतात, हॅम्बर्गर खातात आणि परत येतात. पेट्रोल धरून त्याला तेच ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. आपण मिसळ खायला स्कूटरवरून गावाबाहेर जातो, त्यातलाच प्रकार.

अशा या स्कूटरवाल्यांसाठी मे २०१० मध्ये तिथल्या विमान खात्याने नियम काढला. १ जानेवारी २०२० ही मुदत. त्यानंतर ठरलेल्या हवाई हद्दींत, मोठ्या विमानतळांच्या तीस सागरी मैलांत आणि साधारणपणे दहा हजार फुटांच्या वर जायचं, तर विमानात एडीएस-बी नावाचं यंत्र पाहिजे. हे यंत्र उपग्रहांकडून स्वतःचा ठावठिकाणा विचारून घेतं आणि सेकंदाला एकदा जाहीर करतं, “मी अमुक, इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, इतक्या वेगाने चाललोय.” खरीखुरी आकाशवाणी! रडारचा हात फिरून यायला पाच ते बारा सेकंद लागतात. ह्याचं तोंड एक सेकंदही बंद नाही. आणि एकदा बसवलं की उडताना चालू ठेवलंच पाहिजे.

“किती पडले रे?” मी फोनवर भावाला विचारलं.

“बसवणावळीसकट पाच हजार डॉलरच्या वर.”

म्हणजे चार लाखांहून जास्त! आमच्या चाळीत ह्या रकमेत लग्न उरकून वर पूजा होते. त्यातून भाऊ शिस्तीचा, म्हणून त्याने लवकर बसवून घेतलं. २०१८ मध्ये पंखाच्या टोकावरचा दिवा काढून त्या जागी बसवायचं यंत्र निघालं, दोन हजार डॉलरच्या आत! शिस्तीच्या माणसाला शिक्षा होण्याची ही रीत आपल्याचकडे आहे असा माझा समज होता. २०१६ मध्ये सरकारने वीस हजार विमानांपुरती पाचशे डॉलरची सूटही जाहीर केली. तोवर भावाचं बिल भरून झालेलं होतं.

काही जणांनी यंत्र घेतलंच नाही. ते मोठ्या शहरांना वळसा घालून, खालून खालून उडतात. पुण्यात हेल्मेटसक्ती आली की हेल्मेट घेण्याऐवजी पोलीस नसलेल्या गल्ल्या शोधणारी मंडळी आठवावीत.

यंत्राची थट्टा मात्र मी करणार नाही. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरू पाहणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं. ६७ माणसं गेली. कारणं अनेक होती. पण त्या हेलिकॉप्टरची ही आकाशवाणी बंद होती, हेही खरं. लष्कराला काही कामगिऱ्यांपुरती सूट आहे, हॅम्बर्गरवाल्यांना नाही. आभाळात दुसऱ्याला दिसणं म्हणजे जीव वाचणं. भाऊही तेच म्हणाला. “पैसे गेले, पण रात्री बायको निवांत झोपते.” शिवाय संदेश पकडणारं यंत्र जवळ ठेवलं, तर आजूबाजूची विमानं आणि हवामान फुकट दिसतं. इथवर जमाखर्च जुळत होता.

पुढे एका विमानतळाहून त्याला बिल आलं. उतरणावळ! पूर्वी लहान विमानतळावर ही फी वसूल करायची तर वही-पेन्सिल घेऊन माणूस बसवायला हवा, आणि त्याचा पगार फीपेक्षा जास्त. आता भावाचं यंत्रच स्वतः ओरडून सांगतं, “मी उतरलो, मी उतरलो!” नंबरावरून मालक सापडतो आणि बिल घरपोच.

आमच्या बँकेत एक काका येतात. खात्यातून एसएमएसचे पैसे कापले, असं कळवणारा एसएमएस त्यांना येतो. “साहेब, हा निरोप तुम्ही मला दिला नसतात, तर पैसे वाचले असते ना?” असं ते दर तिमाहीला विचारतात. त्यांना माझ्याकडे उत्तर नाही. भावाला कुठून देणार?

गंमत इथे संपते. नवशिके वैमानिक एकाच धावपट्टीवर चाकं टेकवतात, पुन्हा उडतात, पुन्हा टेकवतात. दिवसात दहा वेळा. काही विमानतळ त्या प्रत्येक टेकण्याचा हिशेब करतात. मग पोरगा दहाऐवजी चार वेळा टेकवणार आणि उरलेले सहा धडे परीक्षा झाल्यावर, प्रवासी बसवून शिकणार. सुरक्षेसाठी घेतलेल्या यंत्राने वसुली करू नये, असं विधेयक २०२५ मध्ये तिथल्या संसदेत मांडलं गेलं, ते उगाच नाही.

घरापुढे दिवा असावा म्हणून आपण विजेचं बिल मुकाट्याने भरतो. पण दिवा लावला की वसुलीवाला दारात उभा राहतो असं झालं, तर माणूस अंधारात चाचपडणं पसंत करील. जमिनीवर चाचपडताना फार तर अंगठा ठेचकाळतो. तीन हजार फुटांवर नुसत्या अंगठ्यावर भागत नाही.